सोरोरिटीची वर्गणी: ‘हो’ म्हणण्याआधी करायचा हिशेब

ऑगस्टमध्ये लेकीला डॉर्मवर सोडून घरी आलो, त्याला जेमतेम बारा दिवस झाले होते. रविवारी दुपारी तिचा फोन आला. मागे एवढा आरडाओरडा, की माझ्या पोटात धस्स झालं. “आई, बिड आली! मी हो म्हटलं!” एवढं ओरडून फोन बंद. बिड म्हणजे सोरोरिटीत, विद्यार्थिनींच्या एका संस्थेत, सभासद व्हायचं आमंत्रण. दीड आठवड्याने बिल आलं, १,४८० डॉलरचं. त्यावर आठ ओळी होत्या आणि त्यातल्या चार ओळींचा अर्थ घरात कुणालाच लागेना.

मी सहा वर्षं आमच्या गावच्या महाराष्ट्र मंडळाची खजिनदार होते. पावती पाहिल्याशिवाय पैसा सोडायचा नाही, ही माझी जुनी सवय. पण पोरीचा आनंद मोडवेना म्हणून इथे मी आधी पैसे भरले आणि चौकशी नंतर केली. पुढे दोन वर्षांनी तीच लेक चॅप्टरची, म्हणजे सोरोरिटीच्या तिच्या विद्यापीठातल्या शाखेची, खजिनदार झाली. तिच्या टेबलावरचं अंदाजपत्रक पाहिलं तेव्हा त्या आठ ओळींचा उलगडा झाला. ज्या मराठी घरात सोरोरिटी हा शब्द पहिल्यांदाच येतो आहे, त्या घरातल्या मुलींसाठी आणि आईवडिलांसाठी हे लिहिते आहे. क्रम मात्र मी केला त्याच्या उलटा ठेवा. आधी चौकशी, मग होकार.

पहिली पायरी: कुठल्या प्रकारची सोरोरिटी आहे ते ओळखा

सोरोरिटी म्हणजे अमेरिकन विद्यापीठांतली विद्यार्थिनींची सभासद-संस्था. नावं ग्रीक अक्षरांची, पण शब्द लॅटिनमधला, ‘सोरोर’ म्हणजे बहीण. सिरॅक्यूज विद्यापीठात १८७४ मध्ये गॅमा फाय बीटा स्थापन झाली. तिच्यासाठी फ्रँक स्मॉली या लॅटिनच्या प्राध्यापकांनी हा शब्द सुचवला. त्याआधी अशा संस्था स्वतःला ‘महिलांची फ्रॅटर्निटी’ म्हणवत.

खर्चाच्या दृष्टीने तीन घराणी वेगवेगळी धरा. पहिलं नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्सचं. ही परिषद १९०२ मध्ये शिकागोत सुरू झाली आणि तिच्यात पंचवीसेक सोरोरिटी आहेत. मोठी घरं, शंभर-दोनशे मुली, ऑगस्टमधली धामधूम, हे चित्र त्यांचं. दुसरं कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक संस्थांचं. अल्फा कप्पा अल्फा त्यांपैकी एक, हॉवर्ड विद्यापीठात १९०८ मध्ये सुरू झालेली. कमला हॅरिस तिच्याच सभासद. इथे सभासदत्व आयुष्यभराचं मानतात आणि पदवीनंतरचे चॅप्टरही जोरात चालतात. तिसरं घराणं आपल्या मुलींना जवळचं वाटतं, दक्षिण आशियाई सोरोरिटींचं. डेल्टा फाय ओमेगा ह्यूस्टन विद्यापीठात, कप्पा फाय गॅमा ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात आणि सिग्मा सिग्मा ऱ्हो न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्स विद्यापीठात, तिन्ही एकाच वर्षी, १९९८ मध्ये सुरू झाल्या.

तिसऱ्या प्रकारच्या चॅप्टरकडे सहसा स्वतःचं घर नसतं. घर नाही म्हणजे घराचा खर्च नाही, त्यामुळे नेहमीची वर्गणी कमी बसते. मात्र पंधरा-वीस मुलींनी एखादा कार्यक्रम करायचा म्हटला, की माणशी वाटा चांगलाच चढतो. प्रादेशिक संमेलनांना जायचं विमानभाडंही बऱ्याचदा स्वतःचं. म्हणून ‘छोटी संस्था म्हणजे स्वस्त’ असं धरून चालू नका.

एमएस करायला भारतातून येणाऱ्या मुली मला हे विचारतात, त्यांच्यासाठी एवढंच, की पॅनहेलेनिक सोरोरिटी पदवीपूर्व विद्यार्थिनींच्या आहेत. तुम्हाला या हिशेबात पडायचं कारण नाही.

दुसरी पायरी: आकडे नोंदणीच्या आधी मागा

नव्या सभासद निवडायच्या प्रक्रियेला मुली अजून ‘रश’च म्हणतात, कागदोपत्री ‘रिक्रूटमेंट’. नोंदणीची फी वेगळी असते. कुठे चाळीस-पन्नास डॉलर, तर दक्षिणेतल्या मोठ्या विद्यापीठांत तीनशेच्या पुढे. बिड मिळाली नाही तरी ती बहुतेक ठिकाणी परत मिळत नाही.

विद्यापीठाच्या पॅनहेलेनिक कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या पॅनहेलेनिक सोरोरिटींच्या समितीकडे, प्रत्येक चॅप्टरच्या खर्चाचा तक्ता असतो. बऱ्याच ठिकाणी तो रिक्रूटमेंटच्या पुस्तिकेतच छापलेला असतो. नसला तर ‘फ्रॅटर्निटी अँड सोरोरिटी लाइफ’ कार्यालयाला ईमेल करा. त्यात पुढच्या गोष्टी वेगवेगळ्या विचारा: पहिल्या सेमिस्टरचा एकूण खर्च, दुसऱ्या सेमिस्टरपासूनचा खर्च, घरात राहिल्यास किती, न राहिल्यास किती, आणि घरात राहायची सक्ती आहे का, असल्यास किती वर्षांची. ‘साधारण किती पडतं?’ असं मोघम विचारलंत तर उत्तरही मोघमच येईल.

विद्यापीठागणिक फरक किती पडतो, हे कळायला अलाबामा विद्यापीठाकडे पाहा. तिथल्या पॅनहेलेनिकने अलीकडच्या वर्षांत दिलेली सरासरी अशी: घरात न राहणाऱ्या मुलीला एका सेमिस्टरला चार हजार डॉलरच्या वर, आणि राहणारीला, खोली आणि जेवण धरून, आठ हजारांच्या वर. तिथल्या काही घरांच्या बांधकामालाच एक कोटी डॉलरहून जास्त खर्च झाला आहे. आमच्यासारख्या मध्य-पश्चिमेकडच्या विद्यापीठात त्याच नावाच्या सोरोरिटीच्या चॅप्टरमध्ये घरात न राहणाऱ्या मुलीला याच्या पावच खर्च येतो. म्हणून मैत्रिणीच्या मुलीला दुसऱ्या राज्यात किती पडलं, यावरून आपला अंदाज बांधू नका. नाव एक असलं तरी घर वेगळं असतं.

रिक्रूटमेंटच्या शेवटच्या फेरीनंतर मुलगी एका करारावर सही करते. आपल्याला चालतील त्या चॅप्टरची नावं ती पसंतीच्या क्रमाने लिहून देते. त्यातल्या एखाद्या चॅप्टरची बिड आली आणि तिने नाकारली, तर पुढच्या मुख्य रिक्रूटमेंटपर्यंत त्या विद्यापीठात दुसऱ्या पॅनहेलेनिक सोरोरिटीत जाता येत नाही. तेव्हा परवडत नसलेल्या चॅप्टरचं नाव त्या यादीत लिहूच नये. पैशाचं बोलणं सहीच्या आधी व्हायला हवं ते यासाठी. माझ्या लेकीने सही केली तेव्हा मी भारतातल्या आईशी फोनवर बोलत होते. मला पत्ताच नव्हता.

तिसरी पायरी: बिलाची एकेक ओळ वाचा

आमचं पहिलं बिल माझ्याकडे अजून आहे. ते असं होतं.

नव्या सभासदाची फी ९० डॉलर. दीक्षेची, म्हणजे पूर्ण सभासद करून घ्यायच्या विधीची, फी २६० डॉलर. सोन्याच्या मुलाम्याचा बिल्ला ९५ डॉलर. चॅप्टरची वर्गणी ३१० डॉलर. राष्ट्रीय संस्थेची वार्षिक वर्गणी, विमा धरून, १२० डॉलर. पॅनहेलेनिक कौन्सिल १५ डॉलर. पार्लर फी २५० डॉलर. जेवण ३४० डॉलर.

पहिल्या तीन ओळी, म्हणजे ४४५ डॉलर, आयुष्यात एकदाच. पहिलं बिल पाहून धसका घेऊ नका, दुसरं यापेक्षा कमी येतं. आमचं, राष्ट्रीय संस्थेचे वार्षिक १२० ही त्यात नसल्यामुळे, ९१५ आलं. बिल्ल्यावर मात्र लक्ष ठेवा. साधा बिल्ला मुलाम्याचा, पण यादीत मोत्यांचा, हिऱ्यांचाही असतो आणि किंमत तीनपट-चौपट होते. साधाच घ्या. दीक्षेच्या वेळी सगळ्यांच्या छातीवर तोच असतो.

पार्लर फी हा शब्द मला सगळ्यात परका वाटला. जी मुलगी सोरोरिटीच्या घरात राहत नाही, पण तिथला दिवाणखाना, अभ्यासिका, पार्किंग वापरते, तिने घराच्या देखभालीला द्यायचा हा वाटा. सोसायटीतला फ्लॅट बंद असला तरी मेंटेनन्स भरावाच लागतो, तसंच हे. ती घरात पाऊल न टाको, फी लागतेच. कुठे तिला फॅसिलिटी फी म्हणतात, कुठे हाऊस फी.

जेवणाच्या ओळीत आमचे पैसे दोनदा गेले. पहिल्या वर्षी डॉर्ममध्ये राहायची सक्ती आणि डॉर्मबरोबर विद्यापीठाचा मील प्लॅन घ्यायची सक्ती. लेकीने आठवड्याला १९ जेवणांचा प्लॅन घेतला होता. सोरोरिटीच्या ३४० डॉलरमध्ये आठवड्याची पाच दुपारची जेवणं आणि सोमवारची रात्र होती. म्हणजे ती दुपारी सोरोरिटीत जेवत होती आणि डॉर्मच्या दुपारच्या जेवणाचे पैसे वाया जात होते. विद्यापीठात सेमिस्टरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत प्लॅन खालचा करून घेता येतो. बिड आली की त्याच दिवशी ती तारीख बघा. आमची चार दिवसांनी हुकली.

शाकाहारी मुलींनी स्वयंपाक्याशी आधी बोलून घ्यावं. सोमवारी रात्री चॅप्टरची बैठक असते आणि त्याआधी सगळ्यांचं एकत्र, जरा नटूनथटून जेवण. माझी लेक श्रावणी सोमवार धरते, तेव्हा पहिले काही आठवडे ती फळं घेऊन बसायची. स्वयंपाकघरातल्या बाईंनी न सांगता तिच्यासाठी उकडलेले बटाटे आणि दही ठेवायला सुरुवात केली. त्या बाईंचा मला आजही आदर वाटतो. त्यांचा पगार आमच्याच त्या ३४० डॉलरमधून जातो हे नंतर कळलं, तेव्हा ती ओळ मला अजिबात खटकली नाही.

चौथी पायरी: पैसा आत कुठे जातो ते समजून घ्या

लेक खजिनदार होती तेव्हाची ही आकडेमोड. चॅप्टरमध्ये ९० मुली. प्रत्येकीचे ३१० म्हणजे एका सेमिस्टरला २७,९०० डॉलर. या पैशावर मुलींचा स्वतःचा हक्क. अंदाजपत्रक त्याच बनवतात आणि बैठकीत मतदानाने मंजूर करतात.

त्यातला सगळ्यात मोठा खर्च फॉर्मलचा, ८,५०० डॉलर. एका रात्रीच्या नाचगाण्याला एवढे? मी हेच विचारलं होतं. लेकीने कंत्राटं समोर ठेवली. पॅनहेलेनिक सोरोरिटींच्या घरांत दारू चालत नाही. दारू असलेला कार्यक्रम बाहेरच्या, परवानाधारक जागेतच करायचा, तिथे ज्याला हवी त्याने, वय दाखवून, स्वतःच्या पैशाने घ्यायची. कुणी गाडी चालवू नये म्हणून सगळ्यांना बसने न्यायचं-आणायचं. दारावर सुरक्षारक्षक. हॉल, चार बस, रक्षक आणि डीजे, यात ८,५०० संपतात. मुली घरी धडधाकट परत याव्यात यासाठीचा हा खर्च आहे, हे कळल्यावर मला तो जास्त वाटेनासा झाला.

त्याखालोखाल ६,००० रिक्रूटमेंटला. सजावट, पाणी, छपाई, सरावाच्या दिवसांतलं जेवण. यावर मी लेकीशी भांडले होते आणि आजही माझं मत तेच आहे. दरवर्षी नवे फुगे आणि नवी कमान कशाला? मंडळात आम्ही एकच मखर सात वर्षं वापरलं. उरलेल्यात आपापसातल्या सहली आणि मेळावे ३,०००, राष्ट्रीय अधिवेशनाला जाणाऱ्या प्रतिनिधींसाठी १,८००, सगळ्यांचे फोटो एका चौकटीत लावतात त्या कॉम्पोझिटला २,२००, अभ्यासातल्या बक्षिसांना १,२००, बिलिंगच्या सॉफ्टवेअरला ९००, किरकोळ ८००. बुडीत वर्गणीसाठी १,००० आणि गंगाजळीत २,५००. बुडीतची ओळ पाहून मला फार बरं वाटलं. जी मंडळी शंभर टक्के वर्गणी जमेल असं गृहीत धरतात, त्यांचं अंदाजपत्रक मार्चमध्ये कोसळतं. हे मी मंडळात डोळ्यांनी पाहिलंय.

हे झालं चॅप्टरचं. घराचा हिशेब पूर्ण वेगळा आणि सगळं वजन तिथे आहे. घर सहसा मुलींच्या चॅप्टरच्या मालकीचं नसतं. माजी सभासदांच्या एका हाऊस कॉर्पोरेशनच्या किंवा राष्ट्रीय संस्थेच्या गृहकंपनीच्या मालकीचं असतं. आमच्या घरात ४२ मुली राहत. खोली आणि जेवण मिळून एका सेमिस्टरला प्रत्येकी ५,२००, म्हणजे २,१८,४००. बाहेर राहणाऱ्या ४८ जणींची पार्लर फी १२,००० आणि जेवणाचे १६,३२०. बेरीज २,४६,७२०. चॅप्टरच्या २७,९०० च्या जवळजवळ नऊपट. ‘बहिणी-बहिणींचा’ जो कार्यक्रम आपल्याला बाहेरून दिसतो, तो एकूण पैशाचा लहानसा कोपरा आहे. बाकी सगळा पैसा एक जुनी, मोठी इमारत उभी ठेवण्यात आणि त्यातल्या माणसांना जेवू घालण्यात जातो. कर्जाचा हप्ता, विमा, हीटिंग, स्वयंपाकी, साफसफाई, आणि घरातच राहणाऱ्या हाऊस डायरेक्टरचा पगार. पूर्वी यांना हाऊस मदर म्हणत.

लेकीच्या वर्षी जानेवारीत बॉयलर बंद पडला. बाहेर उणे वीस. नवा बॉयलर १८,००० डॉलरचा. हाऊस कॉर्पोरेशनच्या सत्तरीच्या एक आजी दोन तास गाडी चालवत आल्या आणि गंगाजळीतून चेक फाडला. मुलींच्या डोक्यावर एक डॉलर बसला नाही. ज्या घराची गंगाजळी रिकामी असते तिथे अशा वेळी ‘विशेष आकारणी’ नावाची नवी ओळ बिलावर येते. म्हणून विचारा: घराची दुरुस्ती-गंगाजळी आहे का, गेल्या पाच वर्षांत कधी विशेष आकारणी झाली का?

राष्ट्रीय संस्थेला जाणाऱ्या १२० मधला मोठा भाग विम्याचा. रॅगिंग, पडझड, आग यांवरून झालेल्या दाव्यांमुळे हा विमा महागला आहे. दारूबंदी असल्यामुळे सोरोरिटींना तो फ्रॅटर्निटींपेक्षा बराच कमी पडतो. उरलेल्यातून मुख्यालय, चॅप्टरना भेट देणाऱ्या फिरत्या सल्लागार आणि अधिवेशन. मुख्यालयाचा हिशेब पाहायचा असेल तर पाहता येतो. या संस्था आयकर खात्याला ‘फॉर्म ९९०’ भरतात आणि तो सार्वजनिक असतो. पगारावर किती, अधिवेशनावर किती, सगळं त्यात दिसतं. मी दोन संध्याकाळी बसून तो वाचला. मंडळाच्या कुठल्याही माजी खजिनदाराला त्यात करमेल.

समाजकार्याचा पैसा वर्गणीतून जातो, असा एक गोड समज आहे. ट्राय डेल्टा १९९९ पासून सेंट ज्यूड रुग्णालयासाठी पैसे जमवते, झीटा टाऊ अल्फा स्तनाच्या कर्करोगासाठी. पण तो निधी मुली वेगळा उभा करतात. पॅनकेक विकून, दौडी भरवून आणि आपल्या आत्या-मावशांना लिंक पाठवून. तेव्हा तुम्हालाही लिंक येईल, तीही खर्चात धरा.

पाचवी पायरी: बिलावर नसलेला खर्च मांडा

टी-शर्ट. प्रत्येक कार्यक्रमाचा वेगळा, वीस ते तीस डॉलरचा. घेतलाच पाहिजे असा नियम नसतो, पण सगळ्यांच्या अंगात तो असताना एकटीने साध्या कपड्यात उभं राहणं अठराव्या वर्षी सोपं नसतं. मी लेकीशी सेमिस्टरला दोन असं ठरवलं आणि तिने ते पाळलं.

दुसऱ्या वर्षी आपली मुलगी ‘बिग’, म्हणजे मोठी बहीण, होते आणि तिला नव्या मुलींतली एक ‘लिटिल’, धाकटी बहीण, मिळते. मग आठवडाभर रोज टोपली भरून भेटी द्यायच्या. यात मुली दोनशे-तीनशे डॉलर सहज उडवतात. माझ्या लेकीने आजीकडून शिकलेल्या क्रोशाच्या चार वस्तू केल्या आणि घरची चकली-शंकरपाळी भरून दिली. त्या लिटिलने पुढच्या वर्षी आपल्या लिटिलसाठी माझ्याकडून शंकरपाळ्यांची कृती मागून घेतली.

दीक्षेला पांढरा पोशाख, फॉर्मलला गाऊन, रिक्रूटमेंटला ठरावीक रंगांचे कपडे. २०२१ पासून टिकटॉकवर ‘बामा रश’चे व्हिडिओ गाजू लागले, त्यात मुली अंगावरच्या प्रत्येक वस्तूचा ब्रँड सांगतात. ते पाहून घाबरून खरेदीला धावू नका. बहुतेक चॅप्टरमध्ये कपडे एकमेकींत फिरतात, ही चांगली रीत आहे.

आणि दंड. सक्तीच्या कार्यक्रमाला गैरहजर राहिलं तर पंधरा ते पन्नास डॉलर, शिवाय चॅप्टरमधले गुण कापतात. आपल्या मुलींची अडचण इथे येते, कारण दिवाळी ऐन सेमिस्टरमध्ये येते आणि तेव्हाच कुठली तरी सक्तीची बैठक असते. सप्टेंबरमध्येच चॅप्टर सेक्रेटरीला तारखा ईमेल करून ठेवा. धार्मिक सणाची गैरहजेरी बहुतेक ठिकाणी माफ होते, पण आधी लेखी सांगितली तरच. आयत्या वेळच्या मेसेजवर दंड बसतो.

आमच्याकडे हा सगळा वरचा खर्च वर्षाला पाचशे डॉलरच्या आसपास गेला, तोही हात आखडून.

सहावी पायरी: चार वर्षांची बेरीज करा

एका सेमिस्टरचा आकडा पाहून निर्णय घेऊ नका. आमचं चार वर्षांचं गणित असं झालं: पहिलं वर्ष २,३९५, दुसऱ्या वर्षी घरात राहिल्यामुळे पार्लर फी आणि जेवण वेगळं नाही म्हणून फक्त ७७०, तिसरं आणि चौथं प्रत्येकी १,९५०. एकूण ७,०६५. वरखर्चाचे दोन हजार धरले तर ९,०६५ डॉलर. खोलीभाडं यात नाही.

खोलीभाड्याचं वेगळं पाहावं लागतं, कारण कुठे तरी राहायचंच असतं. सोरोरिटीच्या घराचे वर्षाला १०,४०० झाले. डॉर्म आणि मील प्लॅन मिळून १२,६०० होते. म्हणजे त्या वर्षी सोरोरिटीत राहून दोन हजार वाचले. तुमच्याकडे हे उलटंही असू शकतं. दोन्ही आकडे शेजारी लिहूनच बघा.

घरात राहण्याचा करार हा सभासदत्वापासून वेगळा भाडेकरार असतो. त्यावर मुलगी पहिल्या वर्षाच्या मध्यावरच सही करते आणि बऱ्याचदा पालकांची जामीन म्हणून सही मागतात. सभासदत्व सोडलं तरी भाडं सुटत नाही. हा कागद मात्र ओळ न् ओळ वाचा. विद्यापीठाच्या वसतिगृहातच राहायची अट असलेली शिष्यवृत्ती मुलीला असेल, तर सोरोरिटीच्या घरात गेल्यावर ती जाते का, हेही आर्थिक साहाय्य कार्यालयाला आधी विचारून घ्या.

सातवी पायरी: कर, ५२९ आणि व्हिसा

वर्गणीवर करसवलत नाही. सोरोरिटी करमुक्त संस्था असली तरी ती क्लबच्या वर्गात मोडते, धर्मादाय संस्थेच्या नाही. तिच्या नावाचं वेगळं फाउंडेशन असतं, त्याला दिलेली देणगी तेवढी सवलतीला पात्र.

मुलीच्या शिक्षणासाठी ५२९ या करसवलतीच्या बचत खात्यात पैसे साठवले असतील, तर त्यातून वर्गणी, दीक्षा फी, बिल्ला भरायचा नाही. तो शिक्षणाचा खर्च धरत नाहीत आणि त्या रकमेतल्या नफ्यावर कर आणि वर १० टक्के दंड लागतो. खोली-जेवण मात्र चालतं, मुलगी किमान अर्धवेळ शिकत असली तर. घर विद्यापीठाच्या मालकीचं नसेल, तर विद्यापीठाने राहण्या-जेवणाचा जो भत्ता जाहीर केला आहे तेवढ्याच रकमेपर्यंत. म्हणून खजिनदाराकडून खोली-जेवण आणि वर्गणी अशी दोन वेगळी बिलं मागून घ्या. एकत्र बिलावर नंतर डोकं फोडण्यापेक्षा हे सोपं.

एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या मुलींसाठी एक कळकळीची सूचना. काही घरांत स्वयंपाकघरात वाढायचं काम करून किंवा हाऊस मॅनेजर होऊन भाडं कमी करून घेता येतं. भाड्यातली सूट हा मोबदला धरला जाऊ शकतो. घर विद्यापीठाचं नसेल तर ते कॅम्पसबाहेरचं काम ठरू शकतं आणि त्याला परवानगी लागते. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला लेखी विचारल्याशिवाय ‘हो’ म्हणू नका. तीनशे डॉलरच्या सवलतीसाठी व्हिसा पणाला लावू नये.

आठवी पायरी: पैसे कमी पडले तर

लपवू नका. लेकीच्या कारकिर्दीत अकरा मुलींचे हप्ते थकले. त्यातल्या आठ जणींनी आधी येऊन सांगितलं, त्यांना महिन्याचे हप्ते बांधून मिळाले. हे खजिनदार आणि सल्लागार यांच्यातच राहतं, बैठकीत नाव येत नाही. राष्ट्रीय फाउंडेशनच्या शिष्यवृत्त्या आणि अडचणीच्या वेळची मदतही असते. अर्ज फार येत नाहीत, कारण मुलींना ठाऊकच नसतं. उरलेल्या तिघींनी फोन उचलणं बंद केलं. त्यांचे आधी मतदानाचे हक्क गेले, मग फॉर्मलची दारं बंद झाली, आणि शेवटी एकीची बाकी वसुली एजन्सीकडे गेली. ती एजन्सी क्रेडिट अहवालात नोंद करू शकते. विशीतल्या मुलीला पुढे भाड्याने घर घेताना ते आडवं येतं.

स्वस्तात आत यायचा एक मार्गही आहे. ज्या चॅप्टरमध्ये जागा उरतात ते मुख्य रिक्रूटमेंटनंतर वर्षभर खुल्या बिड देतात. तिथे ती आठवडाभराची धामधूम नाही, तेवढे कपडेही लागत नाहीत. विचार करायला जरा जास्त वेळ मिळतो, आणि चॅप्टरमधल्या मुलींना निवांत भेटून पैशाचं सरळ विचारता येतं.

सोडायचंच असेल तर दीक्षेच्या आधी सोडा. दीक्षेनंतर दुसऱ्या कुठल्याही पॅनहेलेनिक सोरोरिटीत कधीच जाता येत नाही, आधी सोडलं तर पुढच्या वर्षी दार उघडं राहतं. भरलेले पैसे सहसा परत मिळत नाहीत, पण पुढचे थांबतात. राजीनामा तोंडी चालत नाही. ईमेलने द्या, अध्यक्ष, खजिनदार आणि सल्लागार तिघींना, आणि ‘मिळाला’ असं उत्तर येईपर्यंत पाठ सोडू नका. तारीख फार महत्त्वाची. आमच्या चॅप्टरमध्ये वसंत सेमिस्टरसाठी शेवटचा दिवस १ डिसेंबर होता. लेकीने तो सगळ्यांना तीनदा कळवला होता, घरातल्या फ्रिजवर चिकटवला होता. एका मुलीने परीक्षेच्या गडबडीत ७ डिसेंबरला पत्र दिलं, तिला पूर्ण ९१५ डॉलर भरावे लागले.